चुलीमागे एक नाव

निळेवाडीच्या घाटावर कायदा एकच, चुलीमागे एक नाव. हा सरकारचा कायदा नव्हे, नावा चालवणाऱ्या भोयांचा. धरणाचं पाणी गावाच्या उंबऱ्याला येऊन लागलं, निम्म्या गावाच्या जमिनी पलीकडं राहिल्या, तेव्हा जुन्या माणसांनी तो घालून दिला. ज्या घरात चूल एक, त्या घराची घाटावर उतारू न्यायची पाळीही एकच. घरात दहा तोंडं असोत नाहीतर दोन. एकाच घरानं दोन-दोन नावा पाण्यात घातल्या तर बाकीच्यांनी काय काठावर बसून माशा मारायच्या? कायदा चांगलाच होता. वाईट असतात ती त्यातून पळवाट काढणारी माणसं, आणि ती कुठं नसतात?

सरजाबाईच्या घरची नाव बारा हातांची. नवऱ्यानं सुताराच्या उरावर बसून करून घेतलेली. शिडाचं मांजरपाट सरजाबाईनं स्वतः दाभणानं शिवलेलं, बोटं सोलून निघेस्तोवर. नवरा गेला तशी नाव लेकाच्या हातात आली. ज्ञानोबा कामाला वाघ होता. सून सिंधुही गरीब स्वभावाची. तिघं एका चुलीपाशी बसून जेवायची, आणि पहिली भाकरी तव्यावरून थेट सरजाबाईच्या ताटात पडायची. म्हातारीचं सुख ते केवढं? पण तेवढ्यावर ती राणीसारखी होती.

मग लातूर जिल्हा झाला आणि ज्ञानोबाच्या डोक्यात वारं शिरलं. धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडची गावं नव्या जिल्ह्यात गेली होती.

"माय, पलीकडच्या जमिनीचे कागद आता लातूरला," तो सांगू लागला. "माणसं रोज जातील. वरून बिऱ्हाडं, बकऱ्या, पोती. पाच माणसांच्या नावंनं भागायचं न्हाई."

त्यानं म्हैस विकली आणि नांदेडच्या एका नावाड्याकडून गोदावरीवरची नाव आणली. ट्रकनं कंधारपर्यंत, तिथून बैलगाडीवर. पहिलीपेक्षा चार हात लांब, शीडही वीतभर उंच. सरजाबाईनं नव्या नावेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सहज विचारलं, "मग जुनी कुणाला देतूस?"

"कुणालाच न्हाई. दोनी ठेवतो. जुनीवर गडी बसवतो."

"आन चूल?"

ज्ञानोबानं नजर खाली घातली. "तुझी वेगळी मांडू, माय. दाखवायपुरती. छपरीत. जुनी नाव तुझ्याकडं दाखवायची."

सरजाबाई हसलीच. लेकाची अक्कल बघून तिला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगा! आपण हो म्हटलं, हीच आपली चूक, हे तिला फार उशिरा उमगलं.

भोयांमध्ये वाटणी भांड्यांची होत नाही, मिठाची होते. ओसरीवर पाच पंच बसतात, घरातली मिठाची बरणी पुढ्यात येते आणि मीठ दोन पानांवर वाटतात. ज्यानं पान उचललं त्याची चूल वेगळी झाली. मग पंच दोन्ही चुलींवरचा एकेक तुकडा खाऊन उठतात. त्या दिवशी म्हातारा व्यंकटी पंच होता. पान पुढं करताना तो म्हणाला, "सरजाबाई, इचार कर. मीठ वाटलं की लटकं काय राहत न्हाई."

"भाऊ, लेक माझ्या पोटचा हाय," ती म्हणाली आणि पान उचललं.

सुरुवातीला मजाच होती. छपरीतल्या चुलीत ती चार काटक्या जाळून धूर करायची आणि सिंधु पदराखाली ताट झाकून आणायची. मग घाटावर कुणीतरी कुजबुजलं की म्हातारीच्या चुलीचा धूर दिसतो, भाकरी भाजल्याचा वास काही येत नाही. ज्ञानोबा घाबरला. "माय, चार दिस खरंच रांध. लोकांची तोंडं बंद होऊ दे."

चार दिवसांचे चार महिने झाले. सरजाबाई एकटीची एक भाकरी थापायची आणि भिंतीपलीकडं ताटं वाजलेली ऐकत बसायची. एकदा तिथं कशावरून तरी दोघं खदखदून हसली. हिनं इकडून विचारलं, "काय झालं गं?" कुणाला ऐकू गेलं नाही.

धंदा मात्र झकास चालला. एक पावसाळा. पुढच्या साली पावसानं दडी मारली. त्याच्या पुढच्या सालीही. पाणी मागं मागं सरकत गेलं आणि दोन्ही नावा गावापासून कोसभर लांब, भेगाळलेल्या चिखलात कुशीवर पडल्या. माणसं पायी पलीकडं जाऊ लागली. गावानं कपाळाला हात लावला. सरजाबाईला मात्र, देवा, लाज वाटते सांगायला, आतून बरं वाटलं.

"ग्याना," ती म्हणाली, "पाणीच न्हाई तर पाळी कशाची? बोलाव पंचाला. मीठ एक कर. मला घरात घे."

"दम धर की जरा. आत्ता चूल मोडली तर जुनीची पाळी कायमची जाती. पाणी आल्यावर काय करू?"

"आन पाणी येईपर्यंत मी?"

"तुला काय कमी पडून राहिलं? पीठ देतो की."

पीठ देतो की! नऊ महिने वाहिलेल्या बाईला लेकानं हे ऐकवलं. तिला वाटलं, गालफडात मारली असती तर बरं झालं असतं. चिखलात पडलेल्या लाकडाची पाळी जपायची आणि मायला छपरीत ठेवायचं, हा कुठला हिशेब?

चैतात तिला ताप भरला. सिंधु कण्या घेऊन निघाली, तर ज्ञानोबानं तिला दारातच अडवलं. "कुणी बघितलं तर तीन सालांचं केलेलं पाण्यात जाईल," तो दबक्या आवाजात म्हणाला. सरजाबाईनं ते गोधडीत पडल्या पडल्या ऐकलं. सिंधु रडत माघारी गेली. त्या दिवशी म्हातारीनं पाणी पिऊन दिवस काढला आणि मनाशी काय ते ठरवलं.

ताप उतरला तेव्हा ज्ञानोबा चाकूरकडं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला होता. गावात सरपणाची काटकी उरली नव्हती, गुरं छावणीत, म्हणून शेणीही नव्हत्या. सरजाबाईनं कुऱ्हाड घेतली आणि चिखल तुडवत जुन्या नावेपाशी गेली. आधी तिनं बसायची फळी काढली. तिथं नवरा बसायचा. रोज एक फळी. लाकूड तेल प्यायलेलं, भडभडून पेटायचं. पंधरवड्यात नावेच्या नुसत्या बरगड्या राहिल्या. मग त्याही गेल्या. आपली भाकरी भाजून झाली की उरलेला जाळ ती शेजारणींना द्यायची. लपवायचं काय होतं?

मग तिनं स्वतः पंच बोलावले.

"घाटाचा कायदा सांगा," ती म्हणाली.

"चुलीमागं एक नाव," व्यंकटी म्हणाला.

"माझी नाव मी जाळली. राख बघा जाऊन. नाव न्हाई तर माझी चूल कशाला? मीठ एक करा."

व्यंकटीनं बाकीच्या पंचांकडं बघितलं. मग तो म्हणाला, "बाईचं बरोबर हाय." सिंधुनं घरातली बरणी पुढं केली. सरजाबाईनं आपलं मीठ तीत ओतलं आणि तीन सालांनी घराचा उंबरा ओलांडून चुलीपाशी बसली.

बाजाराच्या दिवशी दुपारी ज्ञानोबा आला. वाटेतच त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो दारात उभा राहिला, धुळीनं पांढरा झालेला.

"बापाची नाव जाळलीस?"

"हाव. तूच पंचांसमोर मला दिलीस. मला लागली, मी जाळली." मग तिचा आवाज मऊ झाला. "जेव आता. सकाळपासून उपाशी असशील."

सिंधुनं तव्यावरची पहिली भाकरी काढली, क्षणभर घुटमळली आणि सासूच्या ताटात वाढली. दुसरी नवऱ्याच्या. ज्ञानोबानं आपलं ताट उचललं आणि छपरीत जाऊन बसला. त्या विझलेल्या चुलीपाशी, घराकडं पाठ करून.

सरजाबाईला राहवलं नाही. आपलं ताट घेऊन ती छपरीच्या दारात गेली आणि खालीच बसली. "ग्याना, रागाव माझ्यावर. शिव्या दे. पण संगं जेव रं."

त्यानं तोंडातला घास गिळला, अर्धी भाकरी ताटात टाकली आणि भरल्या ताटावरून उठला. दुष्काळातली भाकरी! मायच्या बाजूनं वाट काढून तो कोरड्या पात्राकडं चालता झाला, मोठी नाव पडली होती तिकडं. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

सरजाबाईनं लेकाची उष्टी भाकरी उचलली, वरची धूळ फुंकली आणि सुनेच्या हातात दिली.

"झाकून ठेव, सिंधु. भूक लागली की येईल."

सिंधुनं झाकून ठेवली. दिवस बुडेपर्यंत दोघी दारात बसून राहिल्या, तो आला नाही.