गेर्डाबाईंची हातोडी आणि माझी करकर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रोलर कोस्टर आहे आणि मी हलतो. दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवा. तिच्यापायी मला पाडायला निघाले होते.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर जहाजे बांधणाऱ्या सुतारांनी मला उभे केले, तेव्हा जहाजासारखे डोलणे माझ्या अंगातच आले. पहिल्या चढावर साखळी गाडीला ओढून नेते. पुढचे सहा चढउतार गाडी आपल्या जिवावर पार करते. गाडीच्या मधोमध ब्रेकवाला उभा असतो. तो "घाबरू नका" म्हणतो आणि सर्वांत मोठ्या उतारावर ब्रेकचा दांडा मुद्दाम सोडून देतो. लांबून लांबून लोक येतात, जीव खाऊन ओरडतात आणि उतरल्यावर कॉफी पिताना सांगतात, की आपण ओरडलोच नाही.

सकाळी मात्र मी फक्त माझी देखभाल करणाऱ्या गेर्डाबाईंचा असे. करमणूक बागेचे फाटक उघडण्यापूर्वी त्या माझ्या रुळांवरून चालत, खांबाखांबाला हातोडीने टकटक करत आणि कान लावत. चांगले लाकूड खणखणीत बोलते, कुजके पुटपुटते.

"काय रे म्हाताऱ्या, झोप झाली का?" त्या विचारत. मी करकरत असे.

मग नवे व्यवस्थापक आले, प्रेबेन. माणूस सज्जन, पण त्यांना स्थिर वस्तू आवडत. कचेरीच्या खिडकीतून त्यांनी मला डोलताना पाहिले आणि त्यांची झोप उडाली. हिवाळ्यात बाग बंद होती, गेर्डाबाई मुलीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात प्रेबेन यांनी माझ्या सांध्यासांध्याला लोखंडी पट्ट्या बोल्टांनी बसवून मला आवळून टाकले.

वसंतात गेर्डाबाई परतल्या. त्यांनी हातोडी मारली. मी गप्प.

"प्रेबेन, काय केलंस रे याला?"

"शांत केलं! ऐका ना, एक करकर नाही."

"मेलेलंही करकरत नाही, बाळा."

तपासणी अधिकाऱ्यांनी गाडीत वाळूची पोती बसवून ती सोडली. पूर्वी मी डोलून धक्का पचवत असे. आता तो हाडापर्यंत जाई. तिसऱ्या वळणावर एक तुळई तडकली आणि एक पोते फाटून खाली उभ्या असलेल्या प्रेबेन यांच्या हॅटवर रिकामे झाले. अधिकाऱ्यांनी लिहिले : आठ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर पाडा.

गेर्डाबाई पाना घेऊन चढल्या. खाली शिडी धरायला प्रेबेन.

"ही एक पट्टी राहू द्या ना. दिसते छान."

"मग घरी भिंतीला लाव!"

त्यांनी पट्टी काढावी, टकटक करावी, ऐकावे. तडकलेली तुळई सुतारांनी बदलली. सातव्या दिवशी शेवटची पट्टी निघाली आणि मी करकरलो. गेर्डाबाईंनी नाक शिंकरले. "वारा फार आहे," म्हणाल्या. वारा अजिबात नव्हता.

आठव्या दिवशी मी तपासणीत पास झालो. पहिल्या फेरीला प्रेबेन स्वतः बसले. उतरल्यावर कॉफी पिताना ते म्हणाले, "मी ओरडलोच नाही."

आता गेर्डाबाईंचे गुडघे चढू देत नाहीत. सकाळी हातोडी घेऊन प्रेबेन येतात. प्रत्येक खांबाला ठोका देण्याआधी ते "माफ करा हं" म्हणतात. खालच्या बाकावरून आवाज येतो, "अरे, पाहुणा नाही तो! जोरात मार!"

मित्रांनो, माझी करकर ऐकून भिऊ नका. जुन्या वस्तूला किंवा जुन्या माणसाला गप्प करण्यापूर्वी एकदा टकटक करून विचारा. आम्ही उत्तर देतो.