सुलेखा भरात कधी होती

रविवारी सकाळी मुकुंदवाडीच्या क्लबात सुलेखाचा फोटो लावायचा होता. या बॉक्सिंग क्लबची एक पद्धत आहे. विजेत्याचा फोटो भिंतीवर लागतो आणि खाली एकच वर्ष लिहितात, तो सगळ्यात भरात होता ते. वर्ष सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एकदा फोटो लागला की त्या माणसाने स्पर्धेला उतरायचं नाही, नव्या मुलांचे ठोसे झेलायला पॅड धरायचे.

सुलेखा माझी नणंद, हेवीवेट गटातली राज्यविजेती. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ ती रिंगबाहेर होती. आता तिला जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं होतं. पण क्लबकडून एका गटात एकच नाव जातं, आणि क्लबचे प्रशिक्षक सांडू सरांनी ते मेघाचं, याच गटातल्या नव्या मुलीचं, ठरवलं होतं. सुलेखाला न विचारता त्यांनी फोटोला फ्रेमही करून आणली होती. फोटो पुरवला होता माझ्या नवऱ्याने, अभयने.

"पुण्याची फायनल. एकोणीस साल," सर म्हणाले. "दुसऱ्या फेरीत समोरची आडवी केली हिनं. त्याच्या वर काय पायजे?"

"सर, नुसता जोर म्हंजे भर नव्हं." हा बद्रीनाथ. त्याचा स्वतःचा फोटो केव्हाच भिंतीवर गेलेला. "सतरा साली नांदेडला बघायचं होतं. एवढ्या वजनाची बाई, पण पाय कसे, तापल्या तव्यावरच्या पाण्यावानी."

"तवा तुझा, पाणी तुझं. ती मॅच काठावर जिंकली."

"एकोणीस लिहा आन् मोकळे व्हा," अभय म्हणाला. "चहा गार व्हायलाय."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. माणूस भरात कधी असतो, तुम्हीच सांगा."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बॉक्सिंगमधलं मला थोडंच कळतं, पण हा प्रश्न ओळखीचा होता.

"शिखर कुठे होतं हे सांगायला पुढचा उतार मोजलेला लागतो," मी म्हणाले. "तुमचं शेवटचं माप पुण्याचं. त्यानंतर तुम्ही तिला मोजलेलंच नाही."

"तू कोणाच्या बाजूनं हायेस?" अभयने विचारलं.

"मोजण्याच्या."

सुलेखा बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नांदेडला समोरची तापानं फणफणलेली होती. आन् पुण्यात मी भ्याले होते, डोळे मिटून मारला, लागला. तुमी दोघं माझ्या नशिबाचं साल ठरवायलात."

"मग तूच सांग कोणतं," सर म्हणाले.

"मी कशाला सांगू? मेघाला रिंगमध्ये पाठवा."

"ती तुझ्यापेक्षा लई लहान हाय."

"दिसतंय मला."

तीन फेऱ्या ठरल्या. पहिली मेघाची झाली. सुलेखा तिच्यामागे धावत राहिली, तिला धाप लागली, ओठ फुटला. अभय माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, हा तुझा उतार." एका मापावर मी निष्कर्ष काढत नाही.

दुसऱ्या फेरीत सुलेखाने धावणं सोडलं. ती मधोमध उभी राहिली आणि मेघाला येऊ दिलं. मेघाचे ठोसे कानाजवळून जात होते, आणि प्रत्येक वेळी सुलेखाचा डावा हात तिच्या पोटात बसत होता. तिसऱ्या फेरीत मेघा पोट झाकत दोराला टेकली. हनुवटी उघडी पडली. सुलेखाचा उजवा हात तिथपर्यंत गेला, नुसता टेकला आणि परत आला.

मेघाने तोंडातला गार्ड काढला. "मारायला जावं तर ताई तिथं नसत्यातच, सर."

सर सुलेखाकडे वळले. "पयली फेरी गेली तुझी."

"गेली."

"जिल्ह्याला पयल्याच फेरीत पाडलं कुणी तर?"

"तर पडीन. ते माझं मी पडीन. तुमी भिंतीला टांगून पाडू नका."

बद्रीनाथ हसला. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची फ्रेम उचलून अभयच्या हातात दिली. "घरी ने. नाव हिचं जाईल."

मेघाचा चेहरा उतरला. राग आला होता तिला, आणि तिने तो लपवला नाही. "एक फेरी मी बी जिंकलेय, सर."

सुलेखाने ग्लोव्हज अजून काढले नव्हते. ओठाचं रक्त तिने दंडाला पुसलं.

"मग ये, दुसरी जिंक," ती म्हणाली. "बद्रीमामा, घंटी मारा."