अक्काची जीभ

माणसाच्या जिभेवर सरस्वती दिवसातून एकदाच बसते म्हणतात. दुर्गाबाईच्या जिभेवर तर तिने बिऱ्हाडच थाटलंय, असं सगळं गाव सांगायचं. एकदा ती म्हणाली, शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळणार, आणि जळली. आता मोटार आठवडाभर धूर सोडत होती, हे कोण ध्यानात घेतो? दुर्गाबाईला या गोष्टीचं हसू यायचं आणि रागही यायचा, कारण गावातल्या बारशांना तिला बोलावणं बंद झालं होतं.

भाचीला बघायला भोकरदनहून पाहुणे येणार म्हटल्यावर धाकट्या भावाने, कचरूने, सकाळीच हात जोडले.

"अक्का, आजचा दिवस तेवढं काही बोलू नको. घर चांगलं हाय."

"न्हाई बोलत."

तिला लागलं, पण आईवेगळ्या वंदनाला तिनेच लहानाची मोठी केली होती. पोरीचं भलं होत असेल तर गप्प बसायला काय जातं?

पाहुणे आले. मुलाचा बाप राधेश्याम ऐसपैस बसून बोलत होता. बायकोला, झुंबरबाईला, काही विचारलं तरी उत्तर तोच द्यायचा. मुलगा बापाच्या होला हो करत होता. बोलणी जमली आणि कचरूने साखर आणायला सांगितली.

आत दुर्गाबाई झुंबरबाईला कुंकू लावायला वाकली, तर तिने हातच धरला. झुंबरबाईचा पदर सरकला. दंड काळानिळा पडला होता.

"अक्का, तुमचं बोललेलं खरं होतं म्हणत्यात," झुंबरबाई हळूच म्हणाली. "मंग म्हणा, ही सोयरीक होणार न्हाई. पोरगं बी बापावरच गेलंय."

दुर्गाबाई करंडा ठेवून बैठकीत आली.

"ही सोयरीक होणार न्हाई," ती म्हणाली.

का, म्हणून कुणी विचारलं नाही. राधेश्यामने चपला घातल्या, बायकोला हाक मारली, आणि गाडी गेलीसुद्धा.

"तुझ्या काळ्या जिभेनं माझ्या लेकीचा घात केला," कचरू म्हणाला. वंदना आत्याकडे पाठ करून बसली. तिची ती पाठ बघून दुर्गाबाईला रडू कोसळायचंच बाकी होतं. सगळं सांगून टाकायला दोन वाक्यं पुरली असती. पण कचरूच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि झुंबरबाईला त्याच घरात दिवस काढायचे होते.

"व्हय रे," ती म्हणाली. "जीभच तसली हाय माझी."