लळिंगला जायचं राहिलं होतं

शालिग्राम चौधरी आणि रमजान पिंजारी या दोघांनी दीपनगरच्या वीज केंद्रात उभी हयात काढली. पाळी एक, क्वार्टर शेजारीशेजारी. खानदेशात जन्मून आपण खानदेश पाहिलाच नाही, ही खंत मूळ रमजानभाईंची. कँटीनमध्ये चहा पिताना ते म्हणायचे, आपल्याला फक्त कॉलनी ते प्लँट एवढाच रस्ता ठाऊक. मग निवृत्तीला वर्ष उरलं असताना दोघांनी बेत आखला. निवृत्तीनंतर दर महिन्याचा पहिला रविवार, आणि त्या रविवारी एक जुनं ठिकाण. कुठलं कधी, हे रमजानभाईंनीच लावलं. उन्हाळ्यात चढ नको, तेव्हा पारोळ्याचा भुईकोट, थाळनेरचे घुमट. पावसाळा ओसरला की चांगदेव. लळिंगचा किल्ला थंडीत, कारण तो चढताना दम लागतो. शालिग्रामनं आपल्याकडे एसटीच्या वेळा आणि डबा एवढंच घेतलं.

निरोप समारंभ झाला, शाल-नारळ घरी आले, आणि आठवड्याच्या आतच रमजानभाईंना लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बायको पूर्वीच वारलेली, क्वार्टर तर सोडायचंच होतं. मुलगी शाझिया येऊन त्यांना धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली.

शालिग्राम जळगावला मेहरूणमध्ये बांधून ठेवलेल्या घरात राहायला आला. पण तिथंही एकटाच. त्याची बायको सारिका लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. महिन्यासाठी म्हणून गेलेली, पण लेकीची नोकरी सुरू झाली, बाळाला कुणी बघायला हवं, आणि तिचं येणं पुढे पुढे जात राहिलं. रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का, दूध तापवलं का, एवढं विचारून ती बाळाला फोनसमोर धरायची. बाळ रडायला लागलं की फोन ठेवायची. मग शालिग्राम मेहरूणच्या तलावाला एक चक्कर मारून यायचा. तिथं फिरणाऱ्यांचे ठरलेले घोळके होते. त्यातल्या एकाशी त्यानं ओळख काढून पाहिली. ते भले लोक होते, पण त्यांच्या गप्पा कॉलेजापासूनच्या. त्याला मधे शिरायला जागा सापडेना.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला तेव्हा घरात बसवेना, म्हणून तो एकटाच चांगदेवला गेला. तापी-पूर्णेच्या संगमावर उभा राहिला. पाणी भरपूर होतं, देवळाच्या काळ्या दगडांवर ऊन होतं. हे सगळं बघून कुणाशी काय बोलावं ते कळेना. त्यानं शाझियाला फोन लावला आणि म्हणाला, अब्बांच्या कानाला धर. मग तो सांगत सुटला. खांब कसे आहेत, नावा कुठे लागल्या आहेत, डब्यात भरीत-भाकरी कशी झाली आहे. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. पण इतक्या वर्षांत त्याला तो श्वाससुद्धा ओळखीचा झाला होता.

नोव्हेंबरात तो फरकांड्याच्या हलत्या मनोऱ्यांना गेला. एक हलवला की दुसरा हलतो, असं रमजानभाईंनी त्याला कितीदा सांगितलं होतं. आता तिथं एकच उभा होता, दुसरा केव्हाच पडून गेलेला. फोन लावून शालिग्रामनं उभ्या मनोऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, दोन्ही आहेत रमजानभाई, मी हा हलवला तर तो हलला बघा. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्याला डबा उघडावासा वाटला नाही.

डिसेंबरात पाटणादेवीहून फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी शाझियाचा फोन आला. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, राग मानू नका. तुमचा फोन झाला की अब्बा दोन दिवस रडतात. जेवत नाहीत, ताट सरकवून देतात. डॉक्टर म्हणतात, त्यांना शांत ठेवा. तुम्ही काही दिवस फोन करू नका."

शालिग्राम बरं म्हणाला. तिचं काही चुकलं नव्हतं. आपण रमजानभाईंना फिरवून आणतोय, असं त्याला वाटत होतं. आता कळलं, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून आपण फोन करत होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नदी दाखवून आपण परत आपल्या वाटेनं निघून जात होतो. तो ओशाळला.

जानेवारीचा पहिला रविवार लळिंगचा होता. तो गेला नाही. सकाळी उशिरा उठला, पाणी तापवलं, पेपर वाचून झाला तरी ऊन अंगणातून हललं नव्हतं. दुपारी शाझियाचा फोन आला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. अब्बांनी सकाळपासून खुणा करकरून कोट घालून घेतला आहे, बूटही चढवून घेतले आहेत, आणि दाराकडे तोंड करून बसले आहेत. काढू देत नाहीत. ती म्हणाली, "आज कुठे जायचं होतं, काका?"

"लळिंगला," शालिग्राम म्हणाला.

लळिंग तर धुळ्याच्या उशाशी. हायवेनं जाताना शाझिया तो रोज पाहायची.

पुढच्या रविवारी शालिग्राम पहाटेच्या गाडीनं धुळ्याला पोचला. रमजानभाईंसारखा धिप्पाड माणूस कोटाच्या आत हरवला होता. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. शाझियाच्या नवऱ्यानं गाडी काढली. लळिंग गावात, देवळाजवळ सावली बघून ती उभी केली. काचेतून डोंगर पुरा दिसत होता, माथ्यावरची तटबंदीसुद्धा.

शालिग्रामला वाटलं, इथंच बसावं, भाकरी खावी आणि परतावं. तसं त्यानं बोलूनही दाखवलं. रमजानभाईंनी मान हलवली. डावा हात उचलून वर बोट केलं. त्यानं नाही म्हटलं, तर पुन्हा केलं, आणि त्याला गाडीबाहेर लोटल्यासारखं केलं.

तो चढला. वाट घसरणीची होती, गवत वाळून पिवळं झालं होतं. दर वळणावर थांबून तो खाली बघायचा. दम लागत होता आणि दम लागला हे सांगायला जवळ कुणी नव्हतं. माथ्यावर दगडात खोदलेली टाकी होती, त्यांत शेवाळलेलं पाणी. तटाच्या कडेला जाऊन त्यानं पाहिलं. हायवेवर ट्रक मुंग्यांसारखे चालले होते, पलीकडे धुळं धुरकट दिसत होतं, आणि देवळाजवळ एक पांढरा ठिपका. त्यानं टोपी काढून हलवली. दोन्ही हात हलवले. ठिपक्यातून काही हललं की नाही, ते कळलं नाही. तरी हात दुखेपर्यंत तो हलवत राहिला.

खाली आला तेव्हा रमजानभाई झोपले होते. शाझियानं खालच्या आवाजात सांगितलं, मान वर करकरून बघत होते, थकून डोळा लागला. तुम्ही दिसलात की नाही ते विचारलं नाही मी. शालिग्राम त्यांच्या शेजारी बसला. जाग आल्यावर वरचं काय सांगावं, याची त्यानं जुळवाजुळव केली होती. पण ते जागे झाले, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा डोंगराकडे पाहत राहिले. मग तोही तिकडेच पाहत बसला. शाझियानं सगळ्यांना चहा दिला. बापाच्या ओठांना कप तिनंच लावला.

त्या दिवशी ते रडले नाहीत आणि रात्री नीट जेवले, असा तिचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. पण थंडीनं छातीत कफ धरला, आणि आता त्यांना बाहेर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सारिकानंही त्याच आठवड्यात कळवलं, की होळीपर्यंत तरी येणं जमणार नाही.

फेब्रुवारीत शालिग्राम बळसाण्याला गेला. पडक्या देवळांमधून नीट फिरला, कोरीव काम जवळून पाहिलं, पण फोन खिशातून काढला नाही. उन्हं कलली तरी तो एका पायरीवर बसून होता. गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी त्याला पाहून थबकली.

"नाना, येकलाच शेतस का?"

"हो अक्का, एकटाच आहे," तो म्हणाला.

शेवटची बस निघायची वेळ झाली, असं तिनं सांगितलं. मग तो उठला आणि तिच्या मागोमाग फाट्याकडे चालू लागला.