तिने मागितलं ते

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला बाकावरून हातोहात सरकत आला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला आणि ओठांना न लावताच शेजारी बसलेल्या थोरल्या मेहुणीकडे दिला. भाकरीच्या ताटाचंही मघाशी त्याने तेच केलं होतं.

मेहुणीने कोपराने ढोसलं. "भाऊजी, घ्या ना! लोक बघताहेत."

लोक खरंच बघत होते. एवढी वर्षं त्याच बाकावर, त्याच जागी बसून प्रभुभोजन घेणारा माणूस बायको गेल्यावर प्याला पुढे ढकलतो म्हणजे काय? उपासना सुटली तशी मेहुणीने त्याला पायऱ्यांवरच गाठलं.

"काही पाप-बिप केलंत का? की देवावर राग आहे?"

"नाही हो ताई. रागवायला ओळख तरी लागते ना."

तो पायऱ्या उतरून गेला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. हाताने चांगला, तोंडाने मुका. घरातलं बोलणं बायकोने सांभाळलं होतं. भाजीवाल्याशी, घरमालकाशी, सासरी दिलेल्या मुलीशी फोनवर, आणि देवाशीही. रोज जेवणाआधी ती डोळे मिटायची आणि शेजारणीशी गप्पा माराव्यात तशी सुरू व्हायची. "बघ बाबा, ह्यांचा गुडघा पुन्हा धरलाय. जिने चढून चढून जीव जातो त्यांचा, आणि काम काय तर लिफ्टचं! तूच बघ आता." नवऱ्याला आयुष्यभर अहो-जाहो केलं तिने, आणि देवाला अरे-तुरे. त्यावरून तो कधीतरी चिडवायचा. ती म्हणायची, "तो जुना आहे. तुम्ही मागून आलात."

त्याचं काम एवढंच, की तिचं संपलं की "आमेन" म्हणायचं. कधी भूक लागलेली असली तर जरा लवकरच म्हणायचा. मग ती एक डोळा उघडून दटावायची.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी मात्र तिने त्याच्याकडे मान वळवली. बोलताना धाप लागत होती. "आज तुम्ही करा प्रार्थना."

त्याने हात जोडले, डोळे मिटले. "देवा," म्हणाला. पुढे काहीच येईना. लिफ्टमध्ये अडकलेल्या घाबऱ्याघुबऱ्या माणसांना दाराच्या फटीतून धीर देणारा तो, पण इथे कोणाशी बोलायचं तेच उमजेना. ती वाट बघत होती. मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. दमलात तुम्ही."

आणि तिने स्वतःच सुरुवात केली. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. बराच वेळ चाललं होतं. थांबली तेव्हा तो सवयीने "आमेन" म्हणाला. तिला झोप लागली, ती पुन्हा जागी झालीच नाही.

प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःला पारखून बघावं, असं चर्चचे पाळकसाहेब दर महिन्याला सांगत. आजवर ते वाक्य त्याच्या डोक्यावरून जायचं. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला मात्र ते अंगाला येऊन भिडलं. त्याने पारखलं. आत बघितलं तर तिचा आवाज होता. तो काढून ठेवला, तर मागे काही उरत नव्हतं.

पाळकसाहेब घरी आले. वयाने लहान, त्यामुळे अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले.

"तुमचा विश्वास राहिला नाही का?"

"होता की नाही तेच कळेना झालंय, साहेब. ती बोलायची, मी हो म्हणायचो. हा माझा विश्वास की तिचा? फुकटात तर नाही ना बसलो मी इतकी वर्षं?"

"अशी शंका येते, तीच विश्वासाची खूण असते."

"ही समजूत झाली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "खोटं खोटं प्यायचं मला जमायचं नाही."

पाळकसाहेब जायला उठले. "आग्रह करत नाही," दाराशी म्हणाले. "पण उपासनेला येत राहा."

"येतो की. ती तिथे बसायची."

पुढच्या रविवारी दुपारी मेहुणी वरण-भाताचा डबा घेऊन आली आणि तो टेबलावर आपटला. "माझ्या बहिणीचं नाव घालवताय तुम्ही. एवढी देवभोळी बाई, आणि तिचा नवरा चारचौघांत प्याला नाकारतो!"

तेव्हा त्याने सांगितलं. दवाखान्यातलं सगळं, पहिल्यांदाच कोणाला तरी. "मरणाच्या दारात असलेल्या बाईला स्वतःची प्रार्थना स्वतः करावी लागली, ताई. मी बाजूला बसून होतो."

मेहुणीचा राग कुठल्या कुठे गेला. ती खुर्ची ओढून बसली, पदराने डोळे टिपले. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "काय मागितलं हो तिने?"

त्याने डबा पुढे ओढला.

"सांगा ना. शेवटचं बोलणं तिचं. मुलीचं नाव घेतलं? माझं?"

"माझं लक्ष नव्हतं. मी तिच्या छातीकडे बघत होतो. खाली गेली की पुन्हा वर येते की नाही, एवढंच बघत होतो. शब्द कानावर पडत होते, पण एकही आत गेला नाही."

"आणि आमेन म्हणालात?"

"म्हणालो."

"कशाला आमेन म्हणालात तेही माहीत नाही?"

"नाही."

मेहुणी उठली. जाताना तिने दार हलकेच ओढून घेतलं.

ते त्याच्या मनातून जाईना. जिना चढताना, पाना फिरवताना, आंघोळीला बसताना तो आठवायचा प्रयत्न करी. एखादा शब्द सापडेल म्हणून ती दुपार पुन्हा पुन्हा उलगडून बघे. तिचे हलणारे ओठ दिसत, ऐकू काहीच येत नसे.

एका दुपारी तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरखोलीत काम करत होता. लिफ्ट बंद ठेवलेली, त्यामुळे खोलीत शांतता होती. त्याने पालथ्या डब्यावर बूड टेकलं, हाताचं तेल चिंधीला पुसलं, आणि एकदम तोंडातून निघून गेलं, "देवा."

या वेळी तो थांबला नाही.

"तुम्ही मला ओळखत नसाल. मी तिचा नवरा."

स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. त्याने घसा खाकरला.

"त्या दुपारी ती काहीतरी मागत होती. मी ऐकलं नाही. पण तुम्ही ऐकलं असेल. ती तुमच्याशीच बोलत होती. मला सांगा असं नाही म्हणत मी. फक्त ते जे काय होतं, तेवढं विसरू नका. एवढंच. मला यातलं फार काही येत नाही."

डोळे भरून आले, ते त्याने बाहीला पुसले. मोटरखोली तशीच गप्प होती.

मग जिन्यावर पावलं वाजली. लिफ्ट बंद म्हणून खोळंबलेला वॉचमन धापा टाकत वर आला आणि दारातून डोकावला. आत हा एकटाच.

"कोणाशी बोलत होता हो मिस्त्री?"

'कोणाशी नाही' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

"दहा मिनिटांत चालू करतो," तो म्हणाला आणि पाना उचलून उठला.