आधी पाय, मग दात

“आधी पाय टेकव. पाय घट्ट टेकल्याशिवाय दात लावायचा नाही. कळलं का रे बाबा?”

असे मला, एका यंत्राला, कोणीतरी रोज बजावत असे. मित्रांनो, मी एक जुना खुंटखाऊ आहे. कागदावर माझे नाव स्टंप ग्राइंडर. झाड तोडून नेले की जमिनीत खुंट उरतो. तो किसून त्याचा भुसा करणे हे माझे काम. मला स्वतःचे इंजिन नाही. ट्रॅक्टरच्या मागे मला तीन ठिकाणी जोडतात, त्याच्याच जोरावर माझे चाक फिरते आणि चाकावरचे चोवीस दात लाकूड कुरतडतात.

कारखान्यात या दातांचे भारी कौतुक झाले. माझ्या दोन्ही बाजूंना खाली सरकणारे दोन लोखंडी पायही आहेत, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ठेकेदारांनी मला विकत घेतले, तेव्हा तेसुद्धा दातांवरूनच बोट फिरवत होते. पायांशी वाकून बसले ते फक्त मामा.

मामा म्हणजे ठेकेदारांचे ट्रॅक्टरचालक. सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांचा एक नेम होता आणि तो त्यांनी नऊ वर्षे एकही दिवस चुकवला नाही. खुंटाभोवतीचे दगड वेचायचे. ट्रॅक्टरचा ब्रेक ओढायचा. मला झोके घेऊ न देणाऱ्या साखळ्या ताणायच्या. मग जमिनीवर दोन जाड फळ्या मांडून त्यांच्यावर माझे पाय टेकवायचे, म्हणजे माती कितीही मऊ असली तरी पाय रुतत नसत. शेवटी स्टीलचा पेला पाण्याने भरून माझ्या पाठीवर ठेवायचा. पाणी एका बाजूला कलले की पाय उचलून फळी सरकवायची आणि पुन्हा टेकवायचे. पाणी सरळ दिसले की मामा ते पिऊन टाकत आणि मगच चाक सुरू करत.

लोक हसत. “मामा, खुंट काढायचाय, ऑपरेशन नाही करायचं!”

“ऑपरेशनच आहे,” मामा म्हणत. “पेशंट आधीच मेलाय. आपण मरायचं नाही, एवढंच बघायचं.”

एकदा आम्ही एका चाळवजा घरांच्या अरुंद बोळात गेलो. एका घराच्या पायरीसमोरच तोडलेल्या झाडाचा खुंट उभा होता. आत एक आजोबा चाकांच्या खुर्चीत बसलेले. खुंटामुळे खुर्ची बाहेर निघत नव्हती.

“तीन महिने झाले, यांनी रस्ता पाहिला नाही,” आजी म्हणाल्या.

“आजी, आज संध्याकाळी आजोबांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचं. माझा शब्द,” मामा म्हणाले.

त्या बोळात नुकतीच गटाराची नळी पुरली होती. वरची माती पोकळ होती. मामा फळ्या घ्यायला वळले, तर फळ्या जागेवर नव्हत्या.

“अहो, ऑफिसातला कूलर डगडग करत होता,” सोबत आलेले ठेकेदार म्हणाले. “त्याच्याखाली घातल्यात. मस्त बसलाय आता.”

“कूलर बसला. हा कशावर बसेल?”

“त्या विटा आहेत ना, लावा की! दुपारी दुसरीकडे जायचंय. रोज रोज तुमचं हे नाटक नको, मामा.”

मामांनी विटा लावल्या. पेला ठेवला. पाणी डावीकडे कलले. मामांनी दोनदा माझे पाय उचलून टेकवले, तरी पाणी कललेलेच. खिडकीतून आजोबा टक लावून पाहत होते; त्यांनी बाहेर जायचा धुतलेला सदराही घातला होता. मामांनी त्यांच्याकडे पाहिले, पेल्यातले पाणी जमिनीवर ओतले आणि चाक सुरू केले. त्यांनी ते पाणी प्यायले नाही, असे नऊ वर्षांत प्रथमच झाले.

अर्धा खुंट झाला आणि माझा डावा पाय रुतू लागला. मामांनी चाक थांबवले, ते खाली उतरले आणि दुसरी वीट सरकवायला जवळ आले. तेवढ्यात पहिल्या विटेचा चुरा झाला. मी कललो.

मी लोखंड आहे, मित्रांनो. मला स्वतःला सावरता येत नाही. ज्या माणसाने माझे पाय जपले, त्याचाच पाय माझ्या पायाखाली गेला. डॉक्टरांना तो वाचवता आला नाही.

ठेकेदार सांगत फिरले, “म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं काम करून यंत्राखाली पाय घालतो?” त्यांचा कूलर मात्र जराही हलला नाही.

मग नवा चालक आला. माझे पाय खाली न सोडताच तो दात लावायचा. “याला म्हणतात कामाचा माणूस!” ठेकेदारांनी त्याची पाठ थोपटली. चार महिन्यांत माझे सांधे खिळखिळे झाले, नऊ दात तुटले आणि मी शेडच्या मागे जाऊन पडलो. माझ्या चाकावर कोणीतरी फरशी पुसायची फडकी वाळत घालू लागले.

गेल्या आठवड्यात मामांची थोरली लेक आली. ती सासरी स्वतः ट्रॅक्टर चालवते. “काका, आठ दिवस हा मला द्या,” ती ठेकेदारांना म्हणाली.

“तुझ्या बापाचा पाय खाल्ला त्यानं. आणि तू त्यालाच नेतेस?”

“त्यानं नाही खाल्ला, काका.” मग तिने कूलरकडे बोट केले. “त्या फळ्यापण लागतील.”

तिने एकटीने कूलर उतरवून फळ्या ओढून घेतल्या.

मामांच्या अंगणात तिने माझे सांधे बदलले, दात बसवले. काम करता करता ती मामांना त्या बोळातले सांगत होती. ठेकेदार तिकडे परत फिरकलेच नव्हते आणि दरम्यान आजोबा वारले होते. उरलेल्या अर्ध्या खुंटावरून त्यांची तिरडी तिरकी करून बाहेर काढावी लागली. आता आजींचे गुडघे गेलेत. खुर्ची तीच आहे आणि आता आजी तिच्यात बसतात. त्या कोणाकडे एका शब्दाने तक्रार करत नाहीत.

मामा कुबडी भिंतीला टेकवून ऐकत होते. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी जवळ आले आणि माझ्या डाव्या पायावरचा गंज बोटाने खरवडत राहिले.

मित्रांनो, माझ्या दातांचे कौतुक करू नका. ते खूप झाले. माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या दारी आले, तर त्याच्या पायांखाली काय आहे ते वाकून पाहा. आणि जो माणूस वाकून पाहतो आहे, त्याला घाई करू नका. एवढीच माझी विनवणी आहे.

आज सकाळी लेकीने मला आपल्या ट्रॅक्टरला जोडले. कूलरच्या पायांचे चार वण असलेल्या फळ्या माझ्या पाठीवर बांधल्या. मामांनी पेला आणून दिला.

“पाणी कललं तर?” तिने विचारले.

“परत यायचं. खुंट उद्याही तिथंच असतो.”

“आणि आजींना काय सांगू?”

मामांनी फळ्यांची दोरी ओढून पाहिली. “काही नको सांगूस,” ते म्हणाले. “आधी पाय टेकव.”

तिने पेला ओढणीत गुंडाळून सीटखाली ठेवला आणि ट्रॅक्टर हळूच रस्त्यावर घेतला.