कठड्याचा रंग

"यांना जिना चढताना धाप कधीपासून लागते?" डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं आणि तो बायकोकडे पाहू लागला. उत्तर शेवटी तिनंच दिलं, "झालं असेल वर्ष."

तो लिफ्टचा मेकॅनिक. मोटारीला कान लावला की शेजारी कुणी कोकललं तरी त्याला पत्ता नसे. सोबतचे त्याला 'समाधी' म्हणत. कामात असा बुडतो म्हणूनच आपल्याला ना रक्तदाब ना चिडचिड, पाठ टेकली की झोप, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगे. घरी मात्र जेवताना डोक्यात उद्याच्या तक्रारी असत आणि बायकोच्या बोलण्याला नुसतं 'हं'.

लवकर आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं, आता सोमवारी ऑपरेशन, धोका आहेच, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मान खाली घालून तो बाहेर पडला. यंत्राची घरघर ओळखणाऱ्याला बायकोची धाप ऐकू आली नव्हती. त्याला स्वतःची शरम वाटत होती.

लिफ्टवाल्याच्याच इमारतीत लिफ्ट नाही, हा शेजाऱ्यांचा जुना विनोद. चौथ्या मजल्यावर यांचं एकच घर. रोज दोन-दोन पायऱ्या चढणारा तो आज तिच्या मागून एकेक पायरी चढला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती निवांत असायचात. म्हटलं, कशाला तुमच्या जिवाला घोर."

तिसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर ती थांबली. तिचा हात सवयीनं कठड्यावर गेला. सगळ्या कठड्याला हिरवा रंग होता, फक्त तिच्या हाताखाली तळव्याएवढं लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं. इथून वर त्या दोघांखेरीज कुणी येत नसे, आणि त्यानं कठड्याला कधी हात लावला नव्हता.

झीज पाहणं हा त्याचा धंदाच. एवढा रंग वर्षात जात नाही. तीन वर्षं तरी हवीत, कदाचित चार. डॉक्टरबाईंसमोरही तिनं त्यालाच सांभाळून घेतलं होतं.

तिच्या हाताशेजारी त्यानं आपला हात ठेवला.

"चला, झालं माझं," थोड्या वेळानं ती म्हणाली.

तिचा श्वास अजून शांत झाला नव्हता. त्याला तो ऐकू येत होता.

"थांब अजून," तो म्हणाला.